नमुना २६ ची सत्तावीस बाडं : प्रकल्प नोंदी

आपल्या जिल्ह्यातल्या उमेदवारांची मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं कोणी शीटमध्ये उतरवायला घेणार असेल, तर त्याच्यासाठी या नोंदी ठेवल्या. मी पतसंस्थेत हिशेब लिहितो, संगणकातला माणूस नाही. काम दोन महिने चाललं. त्यातले तीन आठवडे निव्वळ वाया गेले, ते कसे गेले तेही लिहिलं आहे.

११ जानेवारी २०२५, शनिवार

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एकच विषय: अमक्याची संपत्ती पाच वर्षांत किती पट झाली. पट सगळ्यांना पाठ. पण वाढलं नेमकं काय, जमीन की सोनं की बँकेतली ठेव, हे विचारलं की सगळे गप्प. म्हटलं, आपणच बघू.

ठरवलं ते असं. जिल्ह्यात आठ मतदारसंघ. प्रत्येकातला विजयी आणि दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे सोळा जण. त्यातले अकरा जण २०१९ लाही उभे होते, त्यांची तेव्हाचीही प्रतिज्ञापत्रं घ्यायची. एकूण सत्तावीस. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर खालचे किस्से कोणाचे हे पोरंसोरंही ओळखतील, आणि मला माणसं दाखवायची नाहीत, काम दाखवायचं आहे.

२०१४ घेतलं नाही, त्याला कारण आहे. नमुना २६ म्हणजे ज्या ठरलेल्या नमुन्यात हे प्रतिज्ञापत्र भरतात तो. २६ फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेने तो बदलला. त्याआधी शेवटच्या प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न लिहिलं की भागत होतं, आता पाच वर्षांचं लिहावं लागतं. परदेशातली मालमत्ताही दाखवावी लागते. २०१९ ची विधानसभा ऑक्टोबरात झाली, म्हणजे २०१९ आणि २०२४ हे दोन्ही एकाच नमुन्यावर. शेजारी शेजारी ठेवता येतात.

१२ जानेवारी

निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवल्या. सत्तावीस हव्या होत्या, जमल्या अठ्ठावन्न. रात्री अकराला कळलं की एक उमेदवार चारपर्यंत नामनिर्देशनपत्रं देऊ शकतो आणि बहुतेक जण दोन-तीन देतातच. प्रत्येकाबरोबर प्रतिज्ञापत्राची प्रत असते. काहींनी नंतर दुरुस्त प्रतही दिलेली आहे.

मी यातल्या दोघांची पहिली प्रत घेऊन कामाला लागलो होतो. दुरुस्त प्रतीत कर्जाचा आकडा वेगळा निघाला. नियम केला: छाननीच्या आधी नोटरीसमोर केलेली शेवटची प्रत धरायची, बाकीच्या वेगळ्या फोल्डरात टाकायच्या, पुसायच्या नाहीत. फाइलचं नाव सुरुवातीपासून नीट द्या: मतदारसंघ क्रमांक, उमेदवार क्रमांक, वर्ष, नोटरीची तारीख. मी 'नवीन', 'नवीन२', 'शेवटची', 'खरी शेवटची' अशी नावं दिली होती. ती निस्तरण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. तीळगूळ खात बसून पहिली पीडीएफ उघडली आणि आकडा निवडून कॉपी करायला गेलो. निवडता येईना. सगळी पानं चित्रं.

माझा समज असा होता की अर्ज ऑनलाइन भरतात म्हणजे आकडे कुठेतरी आकडे म्हणूनच असणार. तसं नाही. २०२० पासून आयोगाच्या सुविधा पोर्टलवर उमेदवार अर्ज आणि प्रतिज्ञापत्र भरू शकतो, पण कायद्याप्रमाणे अर्ज उमेदवाराने किंवा सूचकाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात द्यायचा असतो, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात. म्हणून जे भरलं ते छापायचं, पानापानावर सही करायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि कागद न्यायचा. तो कागद स्कॅन होऊन लोकांसाठी चढतो. कितीतरी जण पोर्टलवर न भरता थेट टायपिंगवाल्याकडूनच करून घेतात, दोन प्रती तर हातानेच लिहिलेल्या निघाल्या. आकडा संगणकात जन्मतो, कागदावर उतरतो आणि फोटो होऊन परत संगणकात येतो. आमचं सगळं काम या शेवटच्या पायरीला उलटं फिरवण्याचं आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर ओसीआरच्या, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नादी लागलो नसतो.

१८ ते २४ जानेवारी

ओसीआरच्या नादी लागलो.

आधी फुकटचं घेतलं, मग एकाची महिन्याची वर्गणी भरली, ९९९ रुपये. छापील मराठी मजकूर बरा वाचतो. आकडे वाचत नाही, आणि आपल्याला हवे आहेत आकडेच. काय काय झालं ते लिहून ठेवतो.

१ आणि ९ ची अदलाबदल. नोटरीचा गोल जांभळा शिक्का नेमका बेरजेवर, तिथे आकड्यांऐवजी फुलं. रकमेपुढच्या '/-' मधली तिरकी रेघ १ होते, म्हणजे ४५,०००/- चे ४५,०००१ झाले. आपले स्वल्पविराम त्याला कळत नाहीत, १२,५०,००० चे तीन वेगळे आकडे करून तीन रकान्यांत टाकतो. तक्त्यात सहा रकाने असतात, स्वतः, पती/पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि तीन अवलंबित. पान जरा तिरकं स्कॅन झालं की बायकोचं सोनं अविभक्त कुटुंबाच्या नावावर.

आणि सगळ्यात हसण्यासारखं: जे आकडे बरोबर वाचले तेही देवनागरीत होते. शीटने त्यांना अक्षरं मानलं. लाखो रुपयांच्या रकान्याखाली बेरीज लावली, उत्तर ०. अर्धा तास मी सूत्रच तपासत बसलो होतो.

एका पानावर तपासायला लागणारा वेळ मोजला: नऊ मिनिटं. तेच पान हाताने भरायला सात. सात दिवस आणि ९९९ रुपये गेले.

२५ जानेवारी

हाताने भरायचं. पतसंस्थेत जुनी खातेवही संगणकावर घेताना केलं होतं तसंच, दोन माणसांनी एकमेकांचं न बघता भरायचं आणि नंतर ताडून बघायचं. भाची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती आणि तिची मैत्रीण तयार झाल्या. पानाला १० रुपये ठरले. एकूण पानं सहाशेच्या वर, पण मालमत्ता, दायित्वं आणि सारांश यांची मिळून २३० च. गुन्हे, शिक्षण, बाकीचं यावेळी सोडलं.

पत्ता, फोन, पॅन आणि अवलंबितांची नावं उतरवायची नाहीत असं आधीच ठरवलं. ती कागदावर जाहीर आहेत हे खरं, पण शीटमध्ये एका जागी आली की त्यांचा वापर वेगळाच होतो. मुलाच्या जागी फक्त 'अवलंबित १'.

पीडीएफ पडद्यावर बघून भरण्यापेक्षा छापून घेतलेलं बरं. पान टेबलावर ठेवून पट्टी सरकवत गेलं की ओळ चुकत नाही. २३० पानं, २ रुपयांप्रमाणे ४६० रुपये.

२ फेब्रुवारी, रविवार

दोघींच्या शीट ताडल्या. २१४ घरांत फरक. मला वाटलं टायपिंगच्या चुका असतील. त्या होत्या साठेक. बाकी सगळे फरक एका प्रश्नाचे: घरात आकडा नसेल तर काय लिहायचं?

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतिज्ञापत्रात रकाना कोरा ठेवता येणार नाही. तेव्हापासून प्रत्येक घरात काहीतरी असतं. 'निरंक', 'लागू नाही', 'नाही', '०', आडवी रेघ, आणि 'वरीलप्रमाणे'. भाचीने सगळ्याला ० लिहिलं, मैत्रिणीने घर कोरं सोडलं.

"मामा, निरंक म्हणजे शून्यच ना?"

निरंक म्हणजे शून्य, बरोबर. पण 'लागू नाही' म्हणजे शून्य नव्हे. अविवाहित उमेदवाराच्या पत्नीच्या रकान्यात 'लागू नाही' असतं, तिथे ० लिहिलं की पत्नी आहे आणि तिच्याकडे काही नाही असा अर्थ होतो. सरासरी काढायला गेलं की हे घर आडवं येतं. आणि 'वरीलप्रमाणे' तर सगळ्यात घातकी. एका प्रतीत जमिनीच्या दुसऱ्या ओळीत खरेदीची तारीख आणि किंमत दोन्हीला 'वरीलप्रमाणे'. भाचीच्या शीटमध्ये ती जमीन फुकट मिळालेली.

आता चार खुणा: नि, ला, व, आणि न वाचता येणाऱ्याला प्रश्नचिन्ह. आकडा वेगळ्या रकान्यात, खूण वेगळ्या. पुन्हा सगळी पानं. या आठवड्याचे पोरींना वेगळे पैसे द्यायला हवे होते, त्यांनी घेतले नाहीत, मिसळ खाल्ली.

८ फेब्रुवारी

रात्री जमिनीचा तक्ता तयार झाला. एकाची शेती पाच वर्षांत जवळजवळ अडीच पट झालेली. २०१९ ला १.२०, २०२४ ला २.९६. मोह आवरला नाही. आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला, नावासकट.

९ फेब्रुवारी

सकाळी सहाला फोन. आमच्या बॅचमधल्या एकाचे वडील तलाठी म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना भाऊसाहेबच म्हणतो. ते म्हणाले, "अरे, अडीच पट म्हटलं की आधी हेक्टर आणि एकर बघायचं असतं. गट नंबर तोच आहे का बघ."

गट नंबर तोच होता. एक गुंठासुद्धा वाढला नव्हता. २०१९ च्या टायपिंगवाल्याने सातबाऱ्यावरचं क्षेत्र जसंच्या तसं उतरवलं, १ हेक्टर २० आर (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग). २०२४ च्या माणसाने नमुन्यात एकर मागितलेत म्हणून एकर करून लिहिलं. १.२० ला २.४७ ने गुणलं की २.९६. मी दोन्ही एकर धरले.

सहा तास तो तक्ता ग्रुपवर होता आणि तोवर दुसऱ्या दोन ग्रुपांवर गेला होता. तिन्ही ठिकाणी चूक माझी आहे असं लिहिलं, पुसण्याची विनंती केली, आणि ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्या कार्यालयात जाऊन सांगून आलो. तिथल्या माणसाने चहा दिला आणि "साहेबांना सांगतो" म्हणाला. चहा काही गोड लागला नाही.

तेव्हापासून नियम: ताळा झाल्याशिवाय तक्ता घराबाहेर जात नाही. पतसंस्थेत रोजकीर्द जुळल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. हाच नियम घरच्या कामाला का लावला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

१५ फेब्रुवारी

भाऊसाहेब स्वतः येऊन बसले, चष्मा आणि तंबाखूची डबी घेऊन. जमिनीचा प्रत्येक आकडा पुन्हा.

त्यांनी शिकवलं ते तसंच देतो, कारण हे कुठे एका जागी लिहिलेलं मला सापडलं नाही. '१.२०' एवढंच लिहिलं असेल तर त्याचे तीन अर्थ होतात. एकर दशांशात असेल तर १.२ एकर. '१ एकर २० गुंठे' असं मनात असेल तर दीड एकर, कारण एकराचे ४० गुंठे. हेक्टर-आर असेल तर जवळपास ३ एकर. एकाच आकड्यात अडीच पटीचा फरक. मग ओळखायचं कसं? टिंबानंतरचा आकडा ४० किंवा त्याहून मोठा असेल तर ते गुंठे नाहीत. त्याच पानावरच्या बाकीच्या ओळी बघायच्या, कारण टायपिंगवाला सहसा एकच माप चालवतो. आणि शंका राहिली तर सातबारा.

दुसरा सापळा '०.४० आर'. शब्दशः घेतलं तर ४० चौरस मीटर, म्हणजे एक खोली. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ० हेक्टर ४० आर, म्हणजे साधारण एक एकर. माझ्या शीटमध्ये तीन जण अशा खोलीएवढ्या शेतात ऊस पिकवत होते.

सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर नुसता बघायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा १५ रुपये. चौदा ठिकाणी शंका होती, चौदा उतारे काढले, २१० रुपये. नुसता बघून भागलं असतं, पण भाऊसाहेबांना कागद हातात लागतो.

शीटमध्ये आता तीन रकाने: जसं लिहिलंय तसं, आम्ही धरलेलं माप, आणि एकरात. पहिला रकाना कधीही बदलायचा नाही. ही एकच गोष्ट सुरुवातीला केली असती तर ९ फेब्रुवारी टळली असती.

२३ फेब्रुवारी

स्थावरचा उरलेला भाग. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं सामाईक असतात. प्रतिज्ञापत्रात कोणी पूर्ण गटाचं क्षेत्र लिहितो, कोणी 'पैकी' म्हणून आपल्या वाट्याचं. 'पैकी' हा शब्द शीटमध्ये उतरलाच पाहिजे. आम्ही तो पहिल्यांदा गाळला होता, टीप वाटली म्हणून.

नवरा-बायकोच्या नावावर मिळून असलेला फ्लॅट दोघांच्या रकान्यात पूर्ण किमतीने लिहिलेला तीन प्रतींत सापडला. बेरीज केली की एकाचे दोन फ्लॅट होतात. आम्ही बेरीज तशीच ठेवली आणि शेजारी खूण केली. कुठला आकडा अर्धा करायचा हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही.

चालू बाजारभावाबद्दल थोडक्यात: तो उमेदवाराचा अंदाज आहे. काहींनी २०१९ चाच आकडा २०२४ ला ठेवला आहे, काहींनी वाढवला आहे. त्यामुळे जमिनीच्या किमतीची तुलना आम्ही केलीच नाही, फक्त क्षेत्राची केली. ट्रॅक्टर आणि गाड्यांचंही तसंच, एकाचा ट्रॅक्टर पाच वर्षांत एक रुपयाने उतरलेला नाही.

१ मार्च

सोनं. इथे मला हवं होतं ते उत्तर मिळालं. दोन्ही वेळा ४० तोळे लिहिणाऱ्या एका कुटुंबाची किंमत साधारण १५ लाखांवरून ३१ लाखांवर गेलेली. एक मणीही वाढलेला नाही, भाव दुप्पट झाला. टपरीवर सांगितल्या जाणाऱ्या 'पट' यातून बऱ्याच येतात. आमच्या अकरापैकी चौघांच्या जंगम मालमत्तेची निम्म्याहून जास्त वाढ सोन्याच्या भावाची निघाली. उलट दोघांची वाढ खरोखरच ठेवी आणि शेअर्समधली होती, पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

म्हणून वजन वेगळ्या रकान्यात घ्या, नुसती किंमत घेऊ नका. आणि तोळ्याला विचारा, तू कुठला? सराफ आज १० ग्रॅमचा तोळा धरतो, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. एकाने २०१९ ला ४६६ ग्रॅम लिहिलं आणि २०२४ ला ४० तोळे. कागदावर ६६ ग्रॅम सोनं हरवलेलं. बहुधा काहीच हरवलेलं नाही.

९ मार्च

ताळा. प्रत्येक प्रतीत तीन ठिकाणी बेरीज जुळली पाहिजे: तपशिलाची आमची बेरीज, तक्त्याखाली छापलेली एकूण रक्कम, आणि भाग ब मधला सारांश. सत्तावीसपैकी पंधरा पहिल्या फटक्यात जुळल्या. उरलेल्या बारापैकी सातांत चूक आमची होती, सापडली, दुरुस्त केली. पाचांत कागदावरचीच बेरीज जुळत नाही.

त्या पाचांचं काय करायचं यावर भाची आणि मी तासभर भांडलो. ती म्हणाली, ही बातमी आहे. मी म्हटलं, यातल्या तीन ठिकाणी फरक काही शेकड्यांचा आहे, टायपिंगवाल्याचा हात चुकलाय. खोटं किंवा लपवून लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. एवढं मोठं कलम असताना चुकलेल्या बेरजेला लपवाछपवी म्हणायला मी तयार नाही. माझा हात फेब्रुवारीत पोळलेला होता हेही कारण असेल. शेवटी कागदावरचा आकडा, आमची बेरीज आणि फरक असे तीनही छापायचे ठरले, शेरा न मारता.

१६ मार्च

धुळवडीचा रंग नखांतून गेलेला नाही आणि शीट पुरी झाली.

खर्च: भरणी ४,६०० (२३० पानं, दोनदा), छपाई ४६०, सातबारे २१०, ओसीआरचे बुडालेले ९९९. एकूण ६,२६९ रुपये. माझे तास १४० च्या आसपास. आज पुन्हा करायला घेतलं तर ६० लागतील.

मेहुणा सरकारी नोकरीत आहे. शीट बघून म्हणाला, "आम्ही दरवर्षी ३१ मार्चची मत्ता आणि दायित्वं लिहून देतो, तुमच्या आमदारांचं पाच वर्षांनी एकदाच?" हो. १९७९ च्या वर्तणूक नियमांनी कर्मचाऱ्याला बांधलंय. खासदारांना शपथेनंतर ९० दिवसांत सभागृहाकडे मालमत्ता कळवावी लागते, लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं ते कलम आमदारांना लागू नाही. म्हणजे पुढचा रकाना भरायला २०२९ पर्यंत थांबायचं.

उरलेलं काम: प्रश्नचिन्हाची एकोणीस घरं. त्यातली अकरा उमेदवार क्रमांक ९ च्या एकाच पानावर आहेत, शिक्का बरोबर कर्जाच्या ओळींवर बसलाय. स्पष्ट प्रतीसाठी अर्ज दिला आहे. सोमवारी भाऊसाहेब सोबत येतो म्हणालेत, त्या कार्यालयात त्यांच्या ओळखीचं कोणी नाही, तरीही.